विकायचं नाही, खरंच

आमच्या माकुयू लेनमधल्या मंडळींना अन्यायाची चीड यायची असेल तर आधी समोसे तळावे लागतात. गल्लीच्या संघाचे चेअरमन न्योइके यांच्या दिवाणखान्यात बैठक असली की त्यांची बायको लिडिया ताट फिरवते. दुसऱ्या समोशाला नैरोबीचं वाटोळं होऊ लागतं, तिसऱ्याला देश बुडतो, आणि मग कोणीतरी चहाला साखर कमी का म्हणून विचारतो.

त्या दिवशी चीड जरा खरी होती, कारण ती घराजवळ आली होती. कोपऱ्यावरचा बंगला एका कंपनीनं घेतला होता. झाडं तोडून झाली होती, पत्र्याचं कुंपण लागलं होतं आणि त्यावर रंगीत फलक: अठरा मजली टॉवर, गच्चीवर पोहायचा तलाव, तलावात हसणारी एक बाई. तिला आमच्या गल्लीतलं पाणी आठवड्यातून किती दिवस येतं ते कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

चेअरमन उभे राहिले. हा माणूस मंत्रालयात सचिव होता. याच्या सहीनं शहरातले किती बंगले पडले आणि किती टॉवर चढले याची मोजदाद त्यालाही ठेवता आली नसेल, पण ते सगळे दुसऱ्यांच्या गल्लीतले. आता मात्र त्याला आकाशाची आठवण झाली.

"आपलं आकाश हिरावून घेतायत हे लोक," तो म्हणाला. "उद्या अठराव्या मजल्यावरून कोणीही माझ्या न्हाणीघरात डोकावेल."

"अठरा मजले चढून?" मी विचारलं. "एवढी हौस कोणाला असेल, चेअरमन?"

मी मुएनी. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. त्यामुळे गल्लीत सगळे मला बाई म्हणतात, माझ्यासमोर जरा ताठ बसतात आणि माझं बोलणं ऐकू न आल्याचा आव आणतात. त्याही वेळी तसंच झालं.

दाराजवळच्या खुर्चीवर दामारिस बसली होती. हिचं घर त्या पत्र्याच्या कुंपणाला लागून, माझ्या बरोब्बर समोर. दामारिस न्याबोके, पश्चिमेकडच्या किसी गावची. नवरा मोगाका औषधांचं दुकान चालवायचा. तो गेला तेव्हा घर त्याच्या नावावर होतं, आणि पहिल्या बायकोचा मुलगा एझ्रा तेराव्या मिनिटाला कागदांची पेटी घेऊन पसार झाला असं मी म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. दामारिसनं त्या घरात दोन मुली वाढवल्या, लग्नं करून दिली, मागच्या अंगणात गावाकडची केळी लावली. तिला दुसरं घर नाही. गावाकडची जमीन दिरांनी वाटून घेतली. एझ्रा मात्र वर्षाआड एखादं गिऱ्हाईक घेऊन दारात हजर.

म्हणून तिनं तांबड्या रंगाचा डबा आणला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर लिहिलं: हे घर विकायचं नाही. अक्षरं वाकडी, आणि भिंत संपत आल्यावर शेवटची दोन एकमेकांच्या अंगावर बसलेली.

हे वाक्य या शहरात कोण लिहितं आणि का लिहितं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घर कोणीतरी परस्पर विकायला काढलेलं असतं आणि आत कोणीतरी अडून बसलेलं असतं. घेणारा भिंत वाचतो, भानगड ओळखतो आणि गाडी मागे घेतो. कोर्टाची तारीख पडेपर्यंत म्हातारं माणूस तेवढ्याच आधारावर तग धरतं. माझ्या डोळ्यांदेखत दोन गिऱ्हाइकं दामारिसच्या फाटकावरून अशी परत गेली होती.

तेव्हा याच चेअरमननी तिच्या घरी जाऊन नाक मुरडलं होतं. "ताई, असलं काही झोपडपट्टीत शोभतं. गल्लीचा भाव पडतो."

"भाव पडला तर बरंच की," ती म्हणाली होती. "मग एझ्रा यायचा बंद होईल."

आता बैठकीत ओडिपो वकील घसा खाकरून पुढे सरसावला. हा माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्यावरही इंग्रजीतून रागावतो. पण त्या दिवशी त्याला जनतेचा उमाळा आला होता.

"छापील पाट्या नकोत. त्यानं आपण क्लबातले वाटतो. जनतेची भाषा पाहिजे, स्वाहिली. दामारिसताईंच्या भिंतीसारखी. प्रत्येक भिंतीवर तेच वाक्य. अख्खी गल्ली एका आवाजात बोलतेय असं दिसलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. दंतवैद्य हिरजींनी हातातला समोसा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, यावरून कल्पना किती आवडली ते समजावं.

दामारिस हळूच म्हणाली, "पण सगळ्यांनी तेच लिहिलं, तर माझं खरं आहे हे कोणाला कळणार?"

लिडियानं ताट पुढे केलं. "घ्या ना, ताई. गरम आहेत."

"यालाच एकजूट म्हणतात," चेअरमन म्हणाले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्यानं बिचाऱ्यानं चेअरमनच्या भिंतीवर दोरी धरून, आखून, सुंदर अक्षरात वाक्य काढलं. चेअरमननी ते पुसायला लावलं.

"फार नीट झालंय. जरा वाकडं काढ. कळवळून लिहिल्यासारखं."

"कळवळून म्हणजे किती वाकडं, साहेब?"

चेअरमननी त्याला दामारिसच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं. "हे असं."

तेव्हा त्यानं नक्कल उतरवली. शेवटची दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर, तीसुद्धा, जरी चेअरमनच्या भिंतीवर आणखी दहा वाक्यं मावली असती. मग ओडिपोची भिंत, मग हिरजींची, मग पलीकडच्या सगळ्यांच्या. गरिबाचं दुखणं या लोकांनी शिंप्याकडे मापाला दिलं आणि अंगात घालून मिरवलं.

माझ्याकडे आले तेव्हा चेअरमन म्हणाले, "बाई, तुमच्याकडे भिंत नाही?"

"नाही. काटेरी कुंपण आहे."

"मग त्यावर कापड बांधू."

"बांधा. संध्याकाळपर्यंत चिंध्या होतील."

मग वर्तमानपत्रवाले आले. चेअरमननी फोटो दामारिसच्या भिंतीसमोर काढून घेतला, कारण त्यांच्या स्वतःच्या भिंतीचा रंग फार ताजा दिसत होता. फोटोवाल्याला घरमालकीणही हवी होती. लिडिया तिच्या कानाशी लागली. "ताई, फोटोपुरत्या चपला काढता का? जरा बरं दिसेल."

दामारिसनं तिच्याकडे पाहिलं. "खडे टोचतात," ती म्हणाली आणि चपला घालून केळीकडे निघून गेली. फोटोत चेअरमन एकटेच आले, मूठ वळून. सचिव असताना याच मुठीत लोकांचे अर्ज वर्षानुवर्षं अडकून पडायचे.

आठवड्यानं एझ्रा आला. मी कुंपण छाटत होते. त्याच्याबरोबर एक जाडजूड गृहस्थ, चकचकीत गाडीतून. गृहस्थानं दामारिसची भिंत वाचली आणि मी मनात म्हटलं, आता हा गाडी मागे घेणार. पण त्यानं मान वळवून ओडिपोची भिंत वाचली, हिरजींची वाचली, चेअरमनची वाचली, आणि हसायला लागला.

"अख्ख्या गल्लीला एकाच वेळी काय झालं?"

"टॉवरविरुद्ध नाटक चाललंय, अंकल," एझ्रा म्हणाला. "सगळ्यांनी लिहिलंय. आमच्या आईनंही लिहिलं."

आमच्या आईनं. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी आई म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

ते आत गेले. गृहस्थानं केळीच्या वाफ्यात मोजायची फीत सोडली. दामारिस दारात उभी होती, हातात मक्याच्या पिठाची उगाली घोटायचा लाकडी दांडा. ती सांगत होती की हे घर मी विकलेलं नाही, हे नाटक नाही, विचारा कोणालाही. तो माणूस उद्धट नव्हता. तेच जास्त वाईट. समजूत काढल्यासारखं तो म्हणाला, "ममा, शनिवारी मी वकील घेऊन येतो. तुमच्या सामानासाठी ट्रक माझ्यातर्फे."

ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. रडली नाही. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली आणि म्हणाली, "बाई, ते पुसतील का? सगळे नकोत. माझ्या आजूबाजूचे दोन-चार पुसले तरी पुरे."

मला माहीत होतं की ते पुसणार नाहीत. तरी आम्ही दोघी गेलो.

चेअरमन व्हरांड्यात होते आणि एकटे नव्हते. समोर त्या कंपनीचा माणूस बसला होता, शेजारच्या खुर्चीवर पिवळं हेल्मेट ठेवून. लिडियानं त्याला चांगल्या कपात चहा दिला होता. केकही कापला होता. बैठकीला येणाऱ्यांना आजवर केक मिळाला नव्हता.

"शत्रूशीही बोलावं लागतं," चेअरमन घाईघाईनं म्हणाले.

"चेअरमनसाहेबांचा विरोध फार कडक आहे," तो माणूस चहा फुंकत म्हणाला. "दर भेटीला आणखी कडक होतो. आमच्या ऑफिसला तर आता परवडेनासा झालाय."

एवढं ऐकल्यावर फोड करून सांगायला नको होतं. गल्ली एका आवाजात बोलत होती ती भाव वाढवण्यासाठी. आणि चेअरमनची भिंत जितकी तांबडी, तितका चेअरमनचा बंगला महाग.

दामारिसचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं शनिवारचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, आणि भिंत पुसायची विनंती केली.

"ताई, तुमची अडचण मला कळते," चेअरमन म्हणाले. ज्या आवाजात ते मंत्रालयात लोकांना पुढच्या महिन्यात या म्हणायचे तोच आवाज. "पण एका घरासाठी सगळी चळवळ मागे घ्यायची?"

"चळवळ कशाविरुद्ध आहे, चेअरमन?" मी विचारलं.

"नफेखोरीविरुद्ध, बाई."

कंपनीच्या माणसानं केकचा दुसरा तुकडा घेतला. मला त्याचा राग आला नाही. तो विकत घ्यायला आला होता आणि तसं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ती भिंतीसमोर स्टुलावर चढलेली, हातात ब्रश आणि तोच जुना डबा. स्टूल डुगडुगत होतं म्हणून मी जाऊन धरलं.

"शेवटी जागा आहे का हो, बाई?" तिनं विचारलं.

"नाही. तुझी अक्षरं आधीच एकमेकांवर चढलीयत. खाली लिही."

मग तिनं वाक्याखाली, वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला. खरंच.

उतरून ती मागे सरकली आणि पाहत राहिली. "बरोबर आहे ना? शुद्धलेखन?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. आयुष्यभर मी वह्या तपासल्या, पण एखादा शब्द इतका जागच्या जागी बसलेला मी क्वचितच पाहिला असेल.

शनिवारी ते आले. गृहस्थ, त्यांचा वकील, एझ्रा नव्या कोटात. गृहस्थ गाडीतून उतरून थेट फाटकाकडे निघाले आणि थबकले. भिंत वाचली. रस्त्याच्या मध्यावर येऊन सगळ्या भिंती पुन्हा एकदा वाचल्या.

"तेच वाक्य आहे, अंकल," एझ्रा म्हणाला. "चला ना."

"हिचं तेच नाही." त्यांनी मला कुंपणाशी पाहिलं. "बाई, खाली तो शब्द हिनं एकटीनंच का लिहिलाय?"

"बाकीच्यांना तो लिहिता येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चेअरमनच्या बंगल्याकडे पाहिलं. मग वकिलाशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलले आणि एझ्राला म्हणाले, "भानगडीतलं घर मला नको. तू आधी घरातल्यांशी बोल." गाडी मागे गेली. मला इतका आनंद झाला की मी कुंपणाची एक चांगली फांदी विनाकारण छाटली.

एझ्रा फाटकावर लाथ मारून म्हणाला, "म्हातारे, बघून घेईन तुला."

दामारिस दारातून म्हणाली, "परवा आई म्हणत होतास ना? तेवढ्यात विसरलास?"

रविवारी तातडीची बैठक लागली. टॉवरचा पाया खोदायला सुरुवात झाली होती, गल्लीभर धूळ होती, पण विषय टॉवर नव्हता. विषय होता दामारिसचा शब्द. कंपनीच्या माणसानं तो वाचला होता, चेअरमनला फोन केला होता, आणि हसत हसत विचारलं होतं की मग तुमचं कसं, साहेब? हे मला लिडियाकडूनच कळलं. तिला वाटलं, चेअरमनची फजिती ऐकून मला वाईट वाटेल.

"एका शब्दानं तुम्ही आम्हा सगळ्यांना खोटं पाडलंत, ताई," चेअरमन म्हणाले. रागानं त्यांची मान फुगली होती. "तुमचं खरंच, तर मग आमचं काय?"

"कायद्यानं ही बदनामी ठरू शकते," ओडिपो म्हणाला.

"एकजुटीला तडा गेला," हिरजी म्हणाले.

दामारिसनं मांडीवरच्या पिशवीतून रंगाचा डबा काढला आणि पॉलिश केलेल्या टेबलावर, समोशांच्या ताटाशेजारी ठेवला. वर ब्रश ठेवला. लिडियानं झटकन डब्याखाली कागद सरकवला.

"अर्धा उरलाय," दामारिस म्हणाली. "तुम्हीही लिहा. सगळ्यांनी लिहिलं तर माझा वेगळा दिसणार नाही, आणि कोणी खोटं पडणार नाही."

मला धडकी भरली. ही बाई पुन्हा आपलं घर त्यांच्या हातात देत होती. एखाद्या निर्लज्जानं ब्रश उचलला असता तर तिचा शब्दही गर्दीत बुडाला असता. पण ती त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होती. कंपनीचा माणूस रोज त्या गल्लीतून जात होता, आणि तो शब्द त्यांच्या भिंतीवर दिसला की त्यांचा सौदा मोडला.

चेअरमननी ब्रशकडे पाहिलं. ओडिपोनं घड्याळ पाहिलं. हिरजींचा हात पुढे झाला, आणि त्यांनी ताटातला हातरुमाल उचलला. शिकलेली, सुस्थितीतली, देवळा-चर्चात पहिल्या रांगेत बसणारी माणसं, आणि एका डब्याकडे पाहायची त्यांची हिंमत होईना. मला त्यांची किळस आली.

"बरं," दामारिस म्हणाली. "डबा ठेवून जाते. वाटलं तर वापरा."

भिंती एकेक करून पांढऱ्या होत गेल्या. पहिली चेअरमनची. पावसाळ्याआधीची डागडुजी, असं त्यांनी सांगितलं. मग बंगलेही विकले गेले. निरोपाच्या चहाला चेअरमन पुन्हा आकाशाविषयी बोलले. आकाशाच्या बदल्यात त्यांनी टॉवरमध्ये वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट पदरात पाडून घेतले होते, न्हाणीघरांसकट. सामान हलवताना लिडियानं डबा दामारिसकडे परत पाठवला. झाकण कोणी उघडलेलंही नव्हतं.

टॉवरची सावली आता दुपारपर्यंत दामारिसच्या केळींवर असते. घड उशिरा पिकतात, लहान येतात, आणि तिला त्याचं वाईट वाटतं. पण एझ्रा फिरकलेला नाही, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ती स्टूल घेऊन येते आणि मी ते धरते.

परवा आम्ही तेच करत होतो तेव्हा चेअरमन आले. पांढरे बूट, हातात काठी. टॉवरच्या सोसायटीचेही तेच चेअरमन आहेत. रस्त्यापलीकडे, हिरजींच्या जागेवर, आता चोवीस मजली इमारत येते आहे. ती झाली की यांच्या गच्चीवरच्या तलावात ऊन पडणार नाही.

"अन्याय आहे, ताई," ते म्हणाले. "आम्ही लढायचं ठरवलंय. पण टॉवरला लिहिण्यासारखी भिंत नाही, सगळी काच. तुमच्या भिंतीवर आमच्यासाठी थोडी जागा दिलीत तर फार उपकार होतील. तुमचंच वाक्य."

मी तोंड उघडणार होते, पण दामारिस स्टुलावरून उतरली. तिनं ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि त्यांच्यापुढे धरला.

"वाक्य मी लिहून देते, चेअरमन," ती म्हणाली. "खालचा शब्द तेवढा तुम्ही लिहा."

त्यांनी ब्रशकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. तांबडा थेंब जमिनीवर पडला आणि ते एक पाऊल मागे सरकले.

"शनिवारी बैठक आहे," ते म्हणाले. "तिथं बोलू. लिडिया समोसे करणार आहे."

ते गेले. दामारिसनं डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि मला म्हणाली, "चला, बाई, उगाली गार होईल."